न्यूट्रॉनच्या पोटांत काय आहे?



ज्या पृथ्वीवर आपण उभे आहों तिचें जवळजवळ निम्में वजन एकाच जातीच्या कणांचें आहे. आणि हा कण खरोखर अस्तित्वांत आहे हें सन १९३२ पर्यंत सिद्ध झालेलें नव्हतें. त्या कणास न्यूट्रॉन म्हणतात. साधा हायड्रोजन वगळला तर कोणत्याहि पदार्थाचा अणु घ्या. त्याच्या मध्यभागीं जो इवलासा अणुगर्भ असतो त्यांत प्रोटॉन व न्यूट्रॉन हे दोन प्रकारचे कण दाटीवाटीनें बसलेले आढळतात. प्रोटॉनवर धन विद्युद्भार असतो. न्यूट्रॉनवर कसलाच नसतो. असा भारहीन कण असला पाहिजे, असें भाकीत अर्नेस्ट रदरफोर्ड ह्यांनीं १९२० मध्यें केलें होतें. बारा वर्षांनीं केंब्रिज येथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत त्यांचेच सहकारी जेम्स चॅडविक ह्यांनीं तो प्रयोगानें दाखवून दिला.

आतां ज्याच्यावर विद्युत् नाहीं असा कण आंतून कसा असावा? प्रथमदर्शनीं कोणासहि वाटेल, कीं तो एखाद्या गुळगुळीत गोटीसारखा एकजिनसी असेल. त्याच्या आंत पाहण्याजोगें काय असणार? पण दुकानदाराच्या वहींत वर्षाअखेर शिल्लक शून्य निघाली, म्हणजे वर्षभर दुकानांत कांहीं उलाढालच झाली नाहीं असा अर्थ होत नाहीं. जमा आणि खर्च तंतोतंत जुळले, एवढाच त्याचा अर्थ. न्यूट्रॉनची शिल्लक शून्य आहे हें खरें. परंतु वहीच्या आंतल्या पानांवर काय लिहिलें आहे, हा प्रश्न निराळाच. तीं पानें कशीं वाचण्यांत आलीं, आणि त्यांतील कोणत्या ओळी अजून नीट लागत नाहींत, हें आज सांगावयाचें आहे.

वहींत उलाढाल आहे ही पहिली शंका चुंबकत्वामुळें आली. विद्युद्भार असलेला कण स्वतःभोंवतीं फिरूं लागला म्हणजे तो लहानशा चुंबकाप्रमाणें वागतो. प्रोटॉन जर साधा, अखंड कण असेल तर त्याचें चुंबकत्व किती असावें, हें गणितानें सांगतां येतें. त्यास आपण एक माप म्हणूं. १९३३ मध्यें हँबुर्ग येथें ऑटो स्टर्न व त्यांचे सहकारी ह्यांनीं तें मोजलें, तों तें अडीच मापांच्या आसपास भरलें. आजचा आंकडा २.७९ आहे. न्यूट्रॉनवर तर विद्युत् मुळींच नाहीं, म्हणजे त्याचें चुंबकत्व शून्य असावयास हवें. पण १९४० मध्यें कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें लुई अल्व्हारेझ व फेलिक्स ब्लॉख ह्यांनीं तें मोजलें, तेव्हां तें १.९३ मापें निघालें, आणि तेंहि उलट्या दिशेचें. जणु काय न्यूट्रॉनच्या आंत ऋण विद्युत् फिरत आहे! एकंदर भार शून्य आणि चुंबकत्व मात्र प्रोटॉनच्या दोनतृतीयांशाहून अधिक. आंत धन आणि ऋण असे दोन्हीं भार आहेत आणि ते निरनिराळ्या रीतीनें वांटले गेले आहेत, असें मानल्यावांचून ह्याचा उलगडा होत नाहीं.

परंतु शंका येणें वेगळें आणि आंत डोकावून पाहणें वेगळें. डोकावण्याची युक्ति जुनीच होती. १९०९ मध्यें मँचेस्टर येथें गायगर व मार्सडेन ह्यांनीं रदरफोर्ड ह्यांच्या सांगण्यावरून धातूच्या पातळ पत्र्यावर आल्फा कणांचा मारा केला. बहुतेक कण सरळ पार गेले, परंतु सुमारे आठ हजारांतून एखादा कण उलट मागें फिरला. त्या माघारी फिरलेल्या कणांवरूनच रदरफोर्ड ह्यांनीं १९११ मध्यें अणूच्या मध्यभागीं कठीण गर्भ असल्याचें अनुमान काढलें. काळोख्या खोलींत काय ठेवलें आहे हें गोट्या फेकून, त्या कोणत्या बाजूस उडतात तें पाहून ओळखावें, तसलाच हा प्रकार. ह्या विखुरण्यास शास्त्रज्ञ प्रकीर्णन म्हणतात.

येथें एक अडचण ध्यानांत घेतली पाहिजे. सूक्ष्म कण हे लाटांसारखेहि वागतात, आणि लाट जेवढी लांब तेवढी तिची दृष्टि जाड. समुद्राच्या मोठ्या लाटेस उथळ पाण्यांत रोंवलेल्या खुंटाचा पत्ताहि लागत नाहीं; ती त्यास ओलांडून तशीच पुढें जाते. बारीक तरंग मात्र खुंटावर आपटून भोंवतीं पसरतात, आणि त्यांच्या पसरण्यावरून खुंट किती जाड आहे हें ताडतां येतें. न्यूट्रॉन किंवा प्रोटॉन ह्यांचा आकार एका मिलिमीटराच्या एक लक्ष कोटींव्या भागाएवढा असतो. ह्या मापास फर्मी म्हणतात. एवढें बारीक दिसावयाचें तर इलेक्ट्रॉनांस निदान वीस कोटी व्होल्टांचा जोर द्यावा लागतो. इलेक्ट्रॉनच कां, असें कोणी विचारील. कारण असें कीं, इलेक्ट्रॉनास स्वतःची अंतर्रचना असल्याचें आजवर दिसलेलें नाहीं आणि अणुगर्भांतील जबरदस्त आकर्षणाशीं त्याचा संबंध नसतो. तो मुख्यत्वेंकरून विद्युत् आणि चुंबकत्व ह्यांनाच ओळखतो. हत्यार जितकें साधें, तितका जखमेचा अर्थ लावणें सोपें.

(जातां जातां एक खुलासा. मुंबईजवळ ट्रॉम्बे येथील ध्रुव अणुभट्टींतून निघालेल्या न्यूट्रॉनांचे झोत पदार्थांवर सोडून त्यांची घडण तपासतात. त्यासहि न्यूट्रॉन-प्रकीर्णन असेंच म्हणतात. पण तेथें न्यूट्रॉन हा तपासणारा आहे, आणि आपल्या आजच्या गोष्टींत त्याचीच तपासणी चालली आहे. नामसादृश्यानें गोंधळ होऊं नये.)

प्रोटॉनचें काम त्या मानानें सोपें आहे. द्रवरूप हायड्रोजन भरलेलें पात्र झोतापुढें ठेवलें कीं झालें. न्यूट्रॉनांचें पात्र कोठून आणावयाचें? अणुगर्भाबाहेर काढलेला न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटेंहि जगत नाहीं. त्याचा प्रोटॉन होतो, आणि सोबत एक इलेक्ट्रॉन व एक प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. शिवाय भारहीन असल्यामुळें तो विद्युत्‌च्या बळानें गोळा करून ठेवतां येत नाहीं. अतिशय मंद केलेले थोडेसे न्यूट्रॉन बाटलींत कोंडण्याची कला आतां साधली आहे. पण मारा करण्याजोगें दाट लक्ष्य त्यांतून तयार होत नाहीं.

म्हणून पहिल्यानें लोकांनीं गोष्ट उलटी करून पाहिली. लक्ष्य न्यूट्रॉनाचें होत नसेल तर न्यूट्रॉनच फेकावा, आणि अणूंतील इलेक्ट्रॉनांवर आपटून तो कसा वळतो तें पाहावें! १९४७ मध्यें एन्रिको फर्मी व लिओना मार्शल ह्यांनीं झेनॉन वायूवर, आणि त्याच सुमारास कोलंबिया विद्यापीठांत हॅव्हेन्स, राबी व रेनवॉटर ह्यांनीं शिशावर असे प्रयोग केले. अणुगर्भाकडून होणाऱ्या प्रचंड प्रकीर्णनांतून इलेक्ट्रॉनांचा हा बारीकसा वांटा वेगळा काढणें म्हणजे ढोलताशांच्या गजरांत शेजाऱ्याच्या घड्याळाची टिकटिक ऐकणेंच होतें. आरंभीं तर तो मोजमापाच्या चुकींतच बुडून गेला. पुढील वर्षांत अधिक नेटकीं मोजमापें झालीं, आणि न्यूट्रॉन व इलेक्ट्रॉन ह्यांच्यांत अगदीं सूक्ष्म आकर्षण आहे असें ठरलें. इलेक्ट्रॉन ऋण आहे. तो न्यूट्रॉनच्या आंत शिरल्यावर ओढला जातो, म्हणजे आंत धन भार आहे आणि त्याची भरपाई करणारा ऋण भार बाहेरच्या अंगास आहे. ह्या वांटणीचें जें माप शास्त्रज्ञ वापरतात तें म्हणजे भाराच्या त्रिज्येचा सरासरी वर्ग. न्यूट्रॉनच्या बाबतींत तो उणे ०.११६ चौरस फर्मी इतका आहे. वर्ग आणि तोहि उणे, हें ऐकून गणित शिकलेल्या श्रोत्यांच्या भुंवया उंचावतील. पण येथें प्रत्येक भागाच्या अंतराचा वर्ग त्या भागाच्या भारानें गुणावयाचा असतो, आणि बाहेरचा ऋण भार दूर असल्यामुळें त्याचें पारडें जड होतें. मात्र लेस्ली फोल्डी ह्यांनीं लौकरच असें दाखविलें, कीं ह्या आकर्षणाचा बहुतेक भाग न्यूट्रॉनच्या चुंबकत्वापासूनच निघतो. तेव्हां बाहेर ऋण, आंत धन हें चित्र कितपत खरें मानावें, ह्याविषयीं तेव्हांपासूनच वाद आहे. तो पुढें येईलच.

दुसरा मार्ग आडवळणाचा, पण अधिक फलदायी ठरला. जड हायड्रोजन किंवा ड्युटेरियम ह्याच्या गर्भांत एक प्रोटॉन व एक न्यूट्रॉन असे दोघेच असतात, आणि त्यांचें बंधन बरेंच सैल असतें. तान्हें मूल कांट्यावर स्वस्थ बसत नाहीं, तेव्हां आपण आईस मुलासकट तोलतों, मग एकट्या आईस तोलतों आणि वजाबाकी करतों. स्टॅनफर्ड येथें रॉबर्ट हॉफस्टॅटर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५० नंतरच्या दशकांत हेंच केलें. हायड्रोजनवर इलेक्ट्रॉन सोडून प्रोटॉनचा आकार काढला. ड्युटेरियमवर सोडून त्यांतून प्रोटॉनचा भाग वजा केला. प्रोटॉन हा बिंदुमात्र नसून त्याचा भार जवळपास ०.८ फर्मी त्रिज्येच्या प्रदेशांत पसरलेला आहे, आणि न्यूट्रॉनचें चुंबकत्वहि तेवढ्याच प्रदेशांत पसरलेलें आहे, असें त्यांना दिसून आलें. ह्या कामगिरीबद्दल हॉफस्टॅटर ह्यांना १९६१ चें नोबेल पारितोषिक, मॉसबाउअर ह्यांच्याबरोबर विभागून, मिळालें.

वजनाच्या बाबतींत आईमुलाची युक्ति बिनचूक आहे. कारण मूल कडेवर असो वा नसो, आईचें वजन तेंच राहतें. अणुगर्भांतील जोडप्याचें तसें नाहीं. दोघेहि सतत एकमेकांभोंवतीं हिंडत असतात, कधीं कधीं अगदीं जवळ येतात, आणि जवळ आल्यावर त्यांचें वागणें मोकळ्या कणासारखेंच राहतें कीं नाहीं, हेंहि निश्चित नसतें. माझ्या मतें न्यूट्रॉनच्या सबंध अभ्यासाची खरी मेख येथेंच आहे. न्यूट्रॉन आपणांस एकटा कधींच भेटत नाहीं. सोबत्यासह भेटतो, आणि सोबत्याविषयीं आपली समजूत जेवढी पक्की तेवढीच न्यूट्रॉनविषयींची पक्की.

१९६७ पासून कॅलिफोर्नियांत स्टॅनफर्ड येथेंच तीन किलोमीटर लांबीचें नवें यंत्र कामास लागलें. त्याच्या इलेक्ट्रॉनांचा जोर वीस अब्ज व्होल्टांपर्यंत होता. जेरोम फ्रीडमन, हेन्री केंडॉल आणि रिचर्ड टेलर ह्यांच्या मंडळीनें हे इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर इतक्या जोरानें आपटविले, कीं प्रोटॉन फुटून त्याचे अनेक कण व्हावे. अपेक्षा अशी होती, कीं मऊ पदार्थांत शिरल्याप्रमाणें इलेक्ट्रॉन थोडेसेच वळतील. प्रत्यक्षांत मोठ्या कोनांतून वळलेले इलेक्ट्रॉन अपेक्षेपेक्षां पुष्कळच अधिक निघाले. रदरफोर्डच्या पत्र्याचीच ही पुनरावृत्ति होती. आंत कठीण, बिंदुमात्र असे कांहींतरी आहे! मरे गेल-मान व जॉर्ज झ्वाइग ह्यांनीं १९६४ मध्यें कल्पिलेले क्वार्क ते हेच, अशी खात्री पुढें पटत गेली. तिघां प्रयोगकारांना १९९० मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें.

क्वार्कांचा हिशोब बोटांवर करण्यासारखा आहे. 'अप' नांवाच्या क्वार्कावर प्रोटॉनच्या भाराच्या दोनतृतीयांश धन भार असतो, 'डाउन' नांवाच्या क्वार्कावर एकतृतीयांश ऋण. दोन अप व एक डाउन मिळून प्रोटॉन. एक अप व दोन डाउन मिळून न्यूट्रॉन. बेरीज करून पाहावी: दोनतृतीयांशांतून दोन वेळां एकतृतीयांश गेला, शिल्लक शून्य. आमची दुकानदाराची वही उघडली ती अशी.

आतां मौज पाहा. इलेक्ट्रॉन क्वार्कावर आपटण्याचा संभव त्या क्वार्काच्या भाराच्या वर्गाप्रमाणें असतो. म्हणजे अपचे चार वांटे आणि डाउनचा एक. प्रोटॉनचे चार, चार आणि एक मिळून नऊ; न्यूट्रॉनचे चार, एक आणि एक मिळून सहा. तिन्हीं क्वार्क सारखेच वागत असते तर न्यूट्रॉनकडून होणारें प्रकीर्णन प्रोटॉनच्या दोनतृतीयांश आलें असतें. ड्युटेरियमवरून वजाबाकी करून पाहिली, तों हें प्रमाण स्थिर नसल्याचें आढळलें. कणाच्या एकंदर संवेगापैकीं, म्हणजे वजन व वेग ह्यांच्या गुणाकारापैकीं, अगदीं थोडा हिस्सा बाळगणाऱ्या क्वार्कावर टक्कर झाली तर तें जवळजवळ एक येतें. कारण तेथें क्षणोक्षणीं उत्पन्न होऊन विलीन होणाऱ्या क्वार्क-प्रतिक्वार्कांच्या जोड्यांची गर्दी असते, आणि ती दोन्हीं कणांत सारखीच. जसजसा मोठा हिस्सा बाळगणारा क्वार्क पाहावा तसतसें प्रमाण उतरत जातें, आणि दोनतृतीयांशाच्याहि बरेंच खालीं जातें. ह्याचा अर्थ, न्यूट्रॉनच्या संवेगाचा सिंहाचा वांटा ज्याच्याकडे जातो तो बहुधा डाउन क्वार्क असतो.

पण हें उतरणें थांबतें कोठें? सर्व संवेग एकाच क्वार्काकडे आला, आणि प्रोटॉनमध्यें तो नेहमीं अप व न्यूट्रॉनमध्यें नेहमीं डाउनच असला, तर प्रमाण एकास चार, म्हणजे पाव येईल. क्वार्कांच्या परस्पर आकर्षणाचा विचार निराळ्या पद्धतीनें करणारे लोक सातास तीन, म्हणजे सुमारें ०.४३ सांगतात. क्वार्क एकमेकांस कसे बांधून ठेवतात ह्याविषयींच्या दोन कल्पना येथें पणास लागलेल्या आहेत, आणि नेमक्या ह्याच टोंकास ड्युटेरियमच्या वजाबाकीचा भरंवसा सर्वांत कमी. तींच मोजमापें घेऊन, जोडप्याच्या हालचालीविषयीं निरनिराळीं अनुमानें बांधून, निरनिराळ्या विद्वानांनीं निरनिराळे आंकडे काढले.

अमेरिकेंत व्हर्जिनिया संस्थानांतील न्यूपोर्ट न्यूज येथें जेफर्सन प्रयोगशाळा आहे. ह्या अडचणींतून वाट काढण्याचे दोन चतुर प्रयत्न तेथें झाले. पहिल्यास बोनस असें नांव आहे; त्याचें फळ २०१२ मध्यें प्रसिद्ध झालें. इलेक्ट्रॉन न्यूट्रॉनवर आदळला म्हणजे सोबतचा प्रोटॉन मोकळा होतो. तो प्रोटॉन जर मंदपणें, मागील दिशेस निघाला, तर टकरींत त्याचें अंग नव्हतें, तो केवळ साक्षीदार होता, असें मानतां येतें. आणि त्याच्या गतीवरून टकरीच्या क्षणीं न्यूट्रॉन कसा चालला होता, हेंहि कळतें. साक्षीदाराच्या जबानीवरून खटल्याचा निकाल लावावा, तशांतली ही रीत. दुसरा प्रयत्न मॅरेथॉन ह्या नांवाचा. त्याचे प्रयोग २०१८ मध्यें झाले व फळ २०२२ मध्यें प्रसिद्ध झालें. ट्रिटियमच्या गर्भांत एक प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन असतात. हेलियमच्या हलक्या जातींत दोन प्रोटॉन व एक न्यूट्रॉन. हे दोघे आरशांतील प्रतिबिंबासारखे आहेत. दोघांतील आंतील हालचाल जवळजवळ सारखीच, म्हणून दोघांचें प्रमाण घेतलें कीं अनुमानांतील बरीचशी चूक आपोआप छाटली जाते. ट्रिटियम किरणोत्सारी असल्यामुळें तो बंद पात्रांत भरून फार जपून वापरावा लागला. ह्या दोन्हीं प्रयोगांनीं प्रमाणाची घसरण पूर्वींपेक्षां पुष्कळ खात्रीनें आंखून दिली आहे. अगदीं शेवटच्या टोंकापर्यंत मात्र कोणताच प्रयोग पोंचलेला नाहीं.

आतां मघांच्या वादाकडे वळूं. न्यूट्रॉनच्या भाराची वांटणी थेट मोजणें कठीण, कारण विद्युत्‌चा भाग इवलासा आणि चुंबकत्वाचा मोठा. लहान त्यांत झांकून जातो. ह्यावर उपाय असा निघाला, कीं इलेक्ट्रॉनांच्या फिरकीस विशिष्ट दिशा द्यावी, आणि लक्ष्य म्हणून ज्याच्या गर्भांचीहि फिरकी एका दिशेस वळविली आहे असा हलका हेलियम घ्यावा. त्यांतील दोन प्रोटॉनांच्या फिरक्या बहुतांशीं एकमेकींस मारून टाकतात. उरते ती न्यूट्रॉनची. मग इलेक्ट्रॉनांची फिरकी उलटसुलट करून दोन मोजण्यांतील फरक काढला, कीं त्यांत विद्युत् आणि चुंबकत्व ह्यांचा गुणाकार येतो. लहान राशि मोठीनें गुणून आल्यामुळें नजरेस पडते. जर्मनींत माइन्झ येथें व न्यूपोर्ट न्यूज येथें हीं मोजमापें झालीं, आणि जुन्या रीतीनें त्यांचें चित्र काढलें तर आंत धन, बाहेर ऋण असेंच तें निघतें.

परंतु २००७ मध्यें सिअॅटल येथील जेरल्ड मिलर ह्यांनीं तींच मोजमापें निराळ्या दृष्टीनें मांडलीं. अतिवेगानें जाणारा न्यूट्रॉन समोरून पाहिला तर कसा दिसेल, असा त्यांचा प्रश्न होता, आणि उत्तर आलें तें असें: अगदीं मध्यावर ऋण, त्याभोंवतीं धन आणि कडेस पुन्हां ऋण. पुष्कळांना हें विचित्र वाटलें. पण ह्या समोरच्या दृश्यांत संवेगाचा मोठा हिस्सा बाळगणारा क्वार्क मध्याजवळच येतो, आणि न्यूट्रॉनमध्यें तसा क्वार्क म्हणजे डाउन, ऋण भाराचा, हें आपण आतांच पाहिलें. दोन निरनिराळ्या वाटांनीं आलेल्या बातम्या येथें एकमेकींशीं जुळतात. जुनें चित्र त्यामुळें खोटें ठरतें असें नाहीं. तें ज्या अटींवर काढलें होतें त्या अटी इतक्या लहान आणि चंचल वस्तूस पुरतेपणीं लागू पडत नाहींत, एवढेंच म्हणतां येईल. मला स्वतःस मिलर ह्यांची बाजू अधिक सयुक्तिक वाटते.

ह्यापुढील काम न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील ब्रुकहेवन प्रयोगशाळेंत व्हावयाचें योजिलें आहे. तेथें इलेक्ट्रॉनांचा झोत आणि अणुगर्भांचा झोत समोरासमोर आणून त्यांची टक्कर घडविणारें नवें यंत्र व्हावयाचें आहे. लक्ष्य स्थिर असलें म्हणजे मंद साक्षीदार प्रोटॉन पुष्कळदां लक्ष्यांतच अडकून पडतो. तेथें ड्युटेरियमचा गर्भ स्वतःच वेगानें धांवत येऊं शकेल. त्यांतील न्यूट्रॉन इलेक्ट्रॉनावर आदळल्यावर सोबती प्रोटॉन आपल्याच वेगानें पुढें निघून जाईल, आणि टकरीच्या जागेपासून दूर, झोताच्या वाटेलगत ठेवलेल्या उपकरणांत तो पकडतां येईल.